आडनावाचा रकाना

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातील जुन्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदवह्या वाचून संगणकात उतरवणे हे माझे काम आहे. त्या दिवशी समोर उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहान पॅरिशची व्हिक्टोरियाकालीन दफन-नोंदवही होती. १८१२च्या कायद्याने ठरवून दिलेला छापील नमुना, पानाला आठ नोंदी : नाव, राहण्याचे ठिकाण, दफनाची तारीख, वय, विधी करणाऱ्याची सही. शेतमजूर, त्यांची तान्ही मुले, एक विधवा. सरावाने हात चालत होता.

एका ओळीवर मी थांबले. नावाच्या रकान्यात व्हिकारने, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूने, बारीक अक्षरांत लिहिले होते : 'अनोळखी खलाशी, निळा लोकरी सदरा, उजव्या दंडावर गोंदलेला नांगर.' जागा न पुरल्याने शेवटचा शब्द समासात उतरला होता. वय 'सुमारे २०'.

ही ओळ या वहीत आहे, यामागे एक जुनी नामुष्की आहे. १८०७ साली कॉर्नवॉलच्याच दक्षिण किनाऱ्यावर 'ॲन्सन' ही युद्धनौका फुटली आणि वाहून आलेली प्रेते शवपेटीविना, विधीविना कड्यावर पुरली गेली. त्यावरून लोक इतके संतापले की, पुढच्याच वर्षी कायदा झाला : असे प्रेत पॅरिशने चर्चच्या दफनभूमीतच पुरावे, खबर देणाऱ्याला पाच शिलिंग द्यावेत आणि खर्च परगण्याच्या तिजोरीतून भरून घ्यावा. मॉरवेनस्टोचे व्हिकार रॉबर्ट हॉकर यांनी तर हे कर्तव्य मनापासून पत्करले; त्यांच्या दफनभूमीत ४०हून अधिक खलाशी आहेत आणि १८४२ मध्ये फुटलेल्या 'कॅलेडोनिया'च्या लोकांच्या कबरीवर त्या जहाजाच्याच नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, मूर्ती उभारली गेली.

आमची संगणकप्रणाली मात्र आडनावाशिवाय नोंद घेत नाही. अशा वेळी 'अज्ञात' लिहून पुढे जाण्याची रीत होती, आणि मीही तेच करत आले होते. पण दंडावरचा नांगर त्या व्हिकारने जागा नसताना लिहिला, तो कोणीतरी शोधत येईल याच आशेने. तो मी गाळणे मला अपराध वाटला. मी वरिष्ठांना पान दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि वर्णनासाठी वेगळा रकाना उघडून दिला.

मग मी आधी संपवलेली पाने पुन्हा काढली. माझ्या हातच्या सहा 'अज्ञात' नोंदी निघाल्या. त्यांतल्या एकाच्या खिशात पितळी बटणे होती, एकाच्या पायात एकच बूट. संध्याकाळपर्यंत चार झाल्या. दोन दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण केल्या.