बायोस अपडेटनंतरचे रीस्टार्ट: कोअर 5 चा माग

नवीन बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं, मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) टाकल्यापासून मशीन मधूनच रीस्टार्ट होतंय. निळी स्क्रीन नाही, आधी अडखळणं नाही, तापमानही नेहमीचंच. स्क्रीन काळी पडते आणि थेट बोर्डाचा लोगो येतो. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की गेम तासन्‌तास चालतो, व्हिडिओ एन्कोडिंग सुरळीत पार पडतं आणि नुसता ब्राउझर उघडा ठेवून उठलं की परत येईपर्यंत लॉगिन स्क्रीन वाट बघत असते.

मशीन असं: आठ कोअरचा रायझन 7 5800एक्स प्रोसेसर, बी550 मदरबोर्ड, 32 जीबी डीडीआर4-3600 रॅम. जुन्या बायोसवर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरला मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) सगळ्या कोअरना उणे 25 होता आणि कधी कुरकुर नव्हती. अपडेटने नेहमीप्रमाणे सगळी सेटिंग्ज पुसली. जुनं सेव्ह केलेलं प्रोफाइल नवीन व्हर्जन घेत नाही, म्हणून स्क्रीनचे फोटो बघून एकेक आकडा परत भरला. (फॅन कर्व्हसुद्धा. ते काम मला सगळ्यात कंटाळवाणं वाटतं.) पहिल्या बूटला एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्या जपणारी सुरक्षा-सोय) रीसेट करायचं का, असा प्रश्न येऊ शकतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय तिथे होकार देऊ नका.

पहिला संशय अर्थातच रॅमवर. एक्सएमपी (रॅमचं जास्त वेगाचं तयार प्रोफाइल) बंद करून रॅम जेडेकच्या, म्हणजे प्रमाणित मूळ वेगावर आणली, तरी रीस्टार्ट झालाच. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट86 च्या मोफत आवृत्तीत मिळतात ते चारही पास एकही एरर न देता पूर्ण झाले. इथे रॅमचा विषय मी मिटवला. पुढचा संशय पॉवर सप्लायवर, कारण प्रोसेसर खोल आयडलमध्ये गेला की करंट फार खाली येतो आणि काही जुन्या सप्लायना ते झेपत नाही. त्यासाठी बायोसमधलं पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवून पाहिलं. फरक शून्य.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, नीट वाचायला बसलो. लाल खुणेची कर्नल-पॉवर 41 ही नोंद सगळ्यांनाच दिसते, पण ती सांगते इतकंच की मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं. ते आपल्याला माहीतच असतं. कामाची नोंद तिच्या आसपास असते: व्हीया-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग), इव्हेंट 18. माझ्याकडे मजकूर होता ‘कॅश हायरार्की एरर’, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कॅश मेमरीतली चूक, आणि खाली प्रोसेसर एपिक आयडी (चूक कोणत्या थ्रेडवर झाली त्याचा क्रमांक) 10. मागच्या सगळ्या रीस्टार्टच्या नोंदी उघडल्या, तर आयडी एक तर 10 किंवा 11. रॅम किंवा पॉवर सप्लायचा दोष दर वेळी त्याच एका कोअरवर येऊन पडेल, हे पटत नाही. या प्रोसेसरवर एका कोअरचे दोन थ्रेड असतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून 10 आणि 11 म्हणजे कोअर 5. हे ताडताना एक काळजी घ्या, काही सॉफ्टवेअर कोअर 1 पासून मोजतात. तिथे हाच कोअर सहावा दिसतो.

एचडब्ल्यूइन्फो या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर कोअर 5 हा माझ्या चिपचा पहिल्या पसंतीचा कोअर निघाला, आणि तिथे सगळा उलगडा झाला. हलकं, एका थ्रेडचं काम आलं की विंडोज ते याच कोअरला देतं आणि तो सगळ्यात वरच्या फ्रिक्वेन्सीला उडी मारतो. सगळे कोअर एकदम भरले की प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी खाली येते, म्हणून एन्कोडिंगला काही होत नाही. जड परीक्षेत पास आणि रिकाम्या तासाला नापास, असा हा विद्यार्थी.

आकडे तेच असताना आता का, याचं माझं उत्तर असं. कर्व्ह ऑप्टिमायझरचा आकडा म्हणजे ठरावीक व्होल्टेज नव्हे. चिपच्या मूळ व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी कर्व्हपासून किती सरकायचं, एवढंच तो सांगतो, आणि एक पायरी साधारण 3 ते 5 मिलिव्होल्टची असते. बूस्ट, म्हणजे फ्रिक्वेन्सीची वरची उडी, कधी आणि किती द्यायचा हे एसएमयूचं (प्रोसेसरमधल्या वीज सांभाळणाऱ्या भागाचं) फर्मवेअर ठरवतं, आणि ते बायोससोबत अजीसामधून (एएमडीच्या फर्मवेअर पॅकेजमधून) बदलतं. जुन्या लॉगशी ताडून पाहिलं तर हलक्या लोडवर कोअर 5 आता थोडा जास्त वर चढतो. चांगल्या कोअरला मुळातच कमी व्होल्टेज मिळत असतं, त्यामुळे उणे 25 सोसण्याची त्याची ऐपत बाकीच्यांपेक्षा कमी.

खात्रीसाठी कोअरसायकलर लावला. हा एका वेळी एकाच कोअरवर प्राइम95 ही ताण-चाचणी चालवतो. कोअर 5 वर आल्या आल्या एरर. उणे 15 ला थोडा तग धरला, उणे 10 ला शांत. बाकीच्यांत फक्त कोअर 2 ने रात्रभराच्या फेरीत एक एरर दिला, तो उणे 18 वर आणला. उरलेले सहा उणे 25 वरच आहेत. कर्व्ह ऑप्टिमायझर ‘ऑल कोअर’वर ठेवण्याची सोय आता मला आळशीपणाची वाटते, पर-कोअर भरायला फार वेळ लागत नाही.

तेव्हापासून इव्हेंट 18 ची एकही नोंद नाही. एक्सएमपी परत चालू केलं आहे, एफक्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या दुव्याचा वेग) 1800 मेगाहर्ट्झवर. आता लक्ष इव्हेंट 19 कडे आहे. त्या दुरुस्त झालेल्या चुकांच्या नोंदी असतात, आणि त्यात ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ दिसू लागला तर एफक्लॉक खाली आणावा लागेल. स्लीपमधून उठवण्याच्या फेऱ्या अजून घ्यायच्या आहेत. तोवर कोअर 5 ला उणे 12 करून पाहायचा मोह आवरतोय.