स्पीकरची एक जोडी, गाण्यासाठी आणि सिनेमासाठी

पुण्यातील आमच्या हॉलमध्ये गाणे ऐकण्यासाठी घेतलेला जुना दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर आणि सिनेमासाठी आणलेला ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर चालवणारे यंत्र) अशी दोन बिऱ्हाडे बरीच वर्षे वेगळी नांदत होती. चांगल्या स्पीकरची जोडी मात्र एकच होती. त्यामुळे शनिवारी रात्री कपाटामागे हात घालून वायरी एकातून काढून दुसऱ्यात खोचायच्या आणि रविवारी सकाळी रेकॉर्ड लावण्यापूर्वी पुन्हा तोच उद्योग करायचा, असा क्रम होता. एकदा तांब्याची सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली आणि ॲम्प्लिफायर रुसल्यासारखा बंद पडला. दोन्ही यंत्रे एकाच वेळी स्पीकरला जोडून ठेवण्याचा एका परिचिताचा सल्ला मी मानला नाही हे बरेच झाले, कारण तसे केल्यास एकाची वीज दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरून यंत्र जळू शकते.

उपाय रिसीव्हरच्या पाठीवरच होता. तेथील ‘प्री-आउट’मधून, म्हणजे स्पीकरसाठी वाढवण्याआधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या सॉकेटमधून, पुढच्या डाव्या-उजव्या चॅनलचा सिग्नल साध्या ऑडिओ (आरसीए) केबलने ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ या इनपुटला दिला आणि पुढचे स्पीकर कायमचे ॲम्प्लिफायरला जोडले, मधला स्पीकर, मागची जोडी व सबवूफर रिसीव्हरकडेच राहिले. रेकॉर्ड प्लेअर आणि सीडी प्लेअर थेट ॲम्प्लिफायरला असल्यामुळे गाणे ऐकताना रिसीव्हर सुरू करावाच लागत नाही.

खरी अडचण आवाजाच्या नॉबची होती. काही ॲम्प्लिफायरना ‘होम थिएटर बायपास’ असतो, ज्यात नॉब बाजूला पडतो आणि सगळा आवाज रिसीव्हर सांभाळतो. माझ्याकडे ती सोय नव्हती. म्हणून सिनेमाच्या वेळी नॉब एका ठरलेल्या जागी ठेवणे भाग होते. पहिल्यांदा तो घड्याळातल्या नऊच्या जागी ठेवून रिसीव्हरच्या मायक्रोफोनने सगळ्या स्पीकरचा आवाज सारखा करण्यासाठी मोजणी केली, तेव्हा रिसीव्हरने लावलेली पुढच्या स्पीकरची पातळी +१२ डेसिबल या टोकाला जाऊनही कमीच पडली. नॉब बारावर आणून पुन्हा मोजल्यावर ती −२ वर स्थिरावली. ती जागा चुकू नये म्हणून पत्नीने आपली एक टिकली नॉबच्या वर चिकटवून दिली.

त्यानंतर घुंईऽऽ असा अखंड आवाज सुरू झाला. घरी आलेल्या वायरमनने प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सोपा मार्ग सुचवला, पण जिवाशी खेळ नको म्हणून मी नकार दिला आणि एकेक केबल उपसत गेलो. सेट-टॉप बॉक्समधली केबल टीव्हीची वायर काढताच हॉल शांत झाला. त्या वायरीचे अर्थिंग आणि घराचे अर्थिंग यांचे जुळत नव्हते. तिच्यावर आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगचा जोड तोडणारा तुकडा, बसवला आणि प्रश्न मिटला. या एका आवाजापायी माझे तीन रविवार गेले.

एक खोट अजून उरली आहे. सिनेमा संपल्यावर मुलाने नॉब बारावरच ठेवून ‘सीडी’चे बटण दाबले आणि तानपुऱ्याच्या पहिल्याच झंकाराने खिडकीच्या काचा थरथरल्या. तेव्हापासून त्या बटणाखाली दुसरी, लाल टिकली आहे: आधी नॉब खाली, मग बटण.