राजवाड्याचे आठ तुकडे आणि एकच स्कॅन

इंदूरच्या राजवाड्याचा फोटो घ्या, त्याचे ३ × ३ चौकोन पाडा, खालचा उजवा काढून टाका आणि उरलेले आठ सरकवून चित्र जुळवा. फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे घटना आणि बदलती मूल्यं फंक्शननी जोडून प्रोग्रॅम लिहिण्याचा, हात बसायला एवढा खेळ पुरे. कॉनल एलियट आणि पॉल ह्यूडॅक यांनी १९९७ साली ॲनिमेशनसाठी मांडलेल्या कल्पनेत काळाबरोबर सतत बदलणारी मूल्यं होती. आरएक्सजेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीत आपण करतो ते तिचं सैल रूप. जाणकार नाकं मुरडतात, मुरडू देत.

पट म्हणजे नऊ आकड्यांचा ॲरे (क्रमवार यादी), ० म्हणजे रिकामी जागा. स्ट्रीम, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या घटनांचे प्रवाह, तीन: तुकड्यावर क्लिक, ‘मागे’, ‘नवा डाव’. प्रत्येकीतली घटना मॅपने ‘जुनी स्थिती घेऊन नवी देणारं फंक्शन’ बनवायची, तिन्ही मर्ज करून एकच स्ट्रीम करायची आणि मागची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या स्कॅनमध्ये ते फंक्शन स्थितीवर चालवायचं. स्थितीत दोनच गोष्टी: आताचा पट आणि आधीच्या पटांची यादी. चालींची संख्या म्हणजे त्या यादीची लांबी.

ही संख्या वेगळ्या स्ट्रीममध्ये काढून कंबाइनलेटेस्टने (कुठलीही एक स्ट्रीम बदलली की सगळ्यांची ताजी मूल्यं एकत्र देणाऱ्या ऑपरेटरने) पटाशी जोडलीत, तर एका क्लिकवर दोनदा मूल्य येतं. पहिल्या वेळी पट नवा, आकडा जुना. ‘जिंकलात’चा संदेश तेवढ्यात चुकीचा आकडा दाखवून मोकळा होतो.

स्कॅन सुरुवातीची स्थिती स्वतःहून बाहेर सोडत नाही, म्हणून पहिल्या क्लिकपर्यंत पडदा कोरा. स्कॅनच्या पुढे स्टार्टविथ लावा, म्हणजे सुरुवातीची स्थिती आधी बाहेर पडेल, आणि शेवटी शेअररिप्ले(१), म्हणजे एकच स्कॅन सगळ्यांत वाटला जाईल. ते विसरलं तर प्रत्येक सबस्क्राइबरचा (स्ट्रीम ऐकणाऱ्या कोडचा) स्कॅन वेगळा चालतो. पट पिसणारं रँडम स्कॅनच्या आत असेल तर पडद्यावर एक डाव आणि जिंकलं का हे तपासणाऱ्या कोडकडे दुसराच. पट पिसायचं काम ‘नवा डाव’च्या मॅपमध्ये करा, स्कॅनला तयार पट मिळू द्या.

तुकड्यांची अदलाबदल नेहमी ॲरेच्या प्रतीवर. मूळ ॲरेच बदलला तर यादीतले सगळे पट एकच होतात आणि ‘मागे’ दाबून काही हलत नाही. शेजार ठरवताना इंडेक्समधला (० पासून मोजलेल्या जागेच्या क्रमांकातला) फरक १ एवढंच पाहू नका: २ आणि ३ वेगवेगळ्या ओळींत आहेत. ओळीतला फरक अधिक रकान्यातला फरक बरोबर १, हीच कसोटी.

नुसतं पिसून भागत नाही. ९! (९ × ८ × … × १) मांडण्यांपैकी निम्म्याच, म्हणजे १,८१,४४०, सुटतात. ० वगळून मोठा आकडा लहानाच्या आधी आलेल्या जोड्या मोजा. विषम निघाल्या तर कुठल्याही दोन तुकड्यांची जागा बदला. सुटणारा डाव मग जास्तीत जास्त ३१ चालींत सुटतोच.

फोटोचीही एक भानगड आहे. राजवाड्याचे खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, त्यामुळे खालच्या दोन ओळी छान ओळखू येतात. पण वरच्या कोपऱ्यांत नुसतं निळं आकाश आलं, तर ते दोन तुकडे आपसांत बदलले तरी दिसत नाही. मग खेळणाऱ्याला आकाश बरोबर वाटतं, शेवटी दुसरेच दोन तुकडे एकमेकांच्या जागी राहतात आणि तो गेमला शिव्या घालतो. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात बारीक आकडा छापा, किंवा फोटो आकाश कापूनच घ्या.