गुंगुरूच्या रोपांना गड्डा धरला!

पर्थच्या घरामागे कुंड्यांत वाढवलेल्या माझ्या गुंगुरूच्या, म्हणजे एका ऑस्ट्रेलियन निलगिरीच्या, रोपांना या महिन्यात गड्डा धरला! बीजदलं होती नेमक्या त्याच पेरावर दोन्ही बाजूंना बारीक टेंगळं आली आहेत. पुढे ती एकमेकांत मिसळून जमिनीत उतरतात आणि त्यांचा लाकडी गड्डा होतो. वरचं सगळं आगीत जळालं तरी झाड त्यातूनच पुन्हा फुटतं.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. गुंगुरू हे नाव नूंगार लोकांचं, म्हणजे नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस सीझिया. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथम यांनी 1867 मध्ये तिचं वर्णन केलं. ही निलगिरी रानात फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात, तिथल्या ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांवर आणि त्यांच्या कडेने उगवते. महाराष्ट्रात रस्त्याकडेला दिसणाऱ्या सरळसोट निलगिरीशी तिचं काही जुळत नाही. बुंध्यापासूनच अनेक खोडं फुटतात, कोवळ्या फांद्यांवर पांढरी भुकटी असते. लालसर तपकिरी साल उभ्या सुरळ्यांनी सुटते आणि आतून हिरवं खोड दिसतं. फुलं गुलाबी, लोंबती, पुंकेसरांच्या टोकाला पिवळी. ऐन थंडीत पक्षी त्यांच्यातल्या मधावर तुटून पडतात.

याच पट्ट्यातल्या बॉयागिन रॉक या ग्रॅनाइटच्या खडकावर ही झाडं पाहिली आणि मी वेडाच झालो. तिथे जाळीसारखी दिसणारी बरीच खोडं मुळात एकाच जुन्या झाडाची असू शकतात. म्हणून बीपासून आलेलं प्रत्येक रोप मला फार मोलाचं वाटतं.

रानातलं बी परवान्याशिवाय घेता येत नाही, त्यामुळे विकतच घेतलं. ब्रूकर आणि हॉपर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये हिचे दोन उपप्रकार केले. बाजारात ‘सिल्व्हर प्रिन्सेस’ म्हणून सर्रास मिळतो तो मोठ्या फुलांचा मॅग्ना. मी मुद्दाम लहान फुलांचा सीझिया मिळवला. बी भिजवावं लागत नाही. जाड वाळू जास्त असलेल्या मिश्रणावर वसंतात भुरभुरलं, वरून नुसता वाळूचा पातळ थर दिला. सुरुवातीची पानं गोल, काही बदामी. लांबट पानं नंतर येतात. मुळं गोल फिरायच्या आत रोपं उंच, अरुंद नळकुंड्यांत हलवली.

जूनमध्ये पाऊस लागला की उतारावरच्या खडीत लावेन. पुण्या-नाशिककडे कोणी करून बघणार असेल तर पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून लांब, छपराखाली ठेवा. हिला पाऊस थंडीतला आणि उन्हाळा कोरडा लागतो. उबदार ओल्या मातीत मुळं कुजायची भीती जास्त.