हस्तलिखित कुठे पाठवू?

“पुस्तक लिहून झालंय, प्रकाशनासाठी नेटवर कुठे शोधू?” असं विचारणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते: ‘माझं पुस्तक प्रकाशित करायचंय’ असं गूगलमध्ये टाइप करू नका. अशा शोधात वर येतात त्या जाहिराती. आणि जाहिरात देणार कोण? नावाजलेल्या प्रकाशकाकडे न वाचलेल्या हस्तलिखितांचे गठ्ठे पडून असतात. आणखी मागवायला तो पैसे कशाला मोजेल? मोजतो तो, ज्याचं गिऱ्हाईक वाचक नाही, लेखक आहे.

शोध सुरू करायचा तो स्वतःच्या पुस्तकांच्या कपाटापासून. तुमच्या लेखनाच्या जातकुळीतली, अलीकडची चार-पाच पुस्तकं काढा आणि ऋणनिर्देशाचं पान वाचा. एरवी आपण ते उलटून पुढे जातो, पण संपादकाचं नाव, एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा) असेल तर त्याचंही, बहुधा तिथेच सापडतं. आता ही नावं नेटवर शोधा. मुलाखती निघतील, त्यांच्या हाताखालून गेलेली इतर पुस्तकं कळतील. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर हस्तलिखित पाठवण्याचे नियम मिळतील: पूर्ण हवं की सुरुवातीची प्रकरणं, सारांश हवा का, सध्या स्वीकारणं चालू आहे की बंद. कंटाळवाणं वाचन आहे, तरी वाचा. ‘आम्ही कविता छापत नाही’ असं स्पष्ट लिहिलेल्या ठिकाणी कवितासंग्रह पाठवणारे कमी नाहीत.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी याद्या तयार आहेत. क्वेरीट्रॅकर या संकेतस्थळावर एजंट सापडतात आणि कोण किती दिवसांत उत्तर देतो हेही कळतं, कारण ती माहिती लेखकच भरतात. कथा-कविता कुठे पाठवता येतील हे शोधायला ड्युओट्रोप हे संकेतस्थळ आहे; २०१३मध्ये त्यांनी वर्गणी सुरू केली आणि त्याच वर्षी सबमिशन ग्राइंडर हे मोफत संकेतस्थळ आलं. मी आधी मोफतच सुचवते. जिथे एजंटची पद्धतच नाही, तिथे थेट प्रकाशकाला लिहायचं.

याद्यांपेक्षा मला मोलाचं वाटतं ते ‘रायटर बिवेअर’. ए. सी. क्रिस्पिन आणि व्हिक्टोरिया स्ट्रॉस या लेखिकांनी १९९८मध्ये सुरू केलेलं हे काम लेखकांना गंडवणाऱ्यांची नावानिशी माहिती देतं. माहिती लागतेच, कारण ‘आम्ही निवडक लेखनच छापतो’ असं कुणीही म्हणू शकतो. अशाच एका कंपनीची परीक्षा घ्यायला अमेरिकेतल्या काही विज्ञानकथा-लेखकांनी मिळून मुद्दाम भिकार कादंबरी रचली. एक प्रकरण गायब, एक जसंच्या तसं दोनदा, एक चक्क संगणकाने जुळवलेलं. २००४च्या डिसेंबरात ती स्वीकारली गेली! लेखकांनीच बिंग फोडल्यावर कंपनीने माघार घेतली. हा उद्योग घडवून आणणारे जेम्स मॅकडोनाल्ड यांचाच एक नियम लेखकांत प्रसिद्ध आहे: पैसा लेखकाकडे आला पाहिजे. एजंटसुद्धा पुस्तकाच्या कमाईतूनच, साधारण १५ टक्के, घेतो. नुसतं वाचायची फी मागितली की तिथेच थांबा.

स्वतःच प्रकाशक व्हायचं असेल तर हिशेब वेगळा. केडीपी ही ॲमेझॉनची स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायची सेवा २००७पासून आहे. पुस्तक चढवायला काही द्यावं लागत नाही, संपादन आणि मुखपृष्ठ मात्र तुमच्या खिशातून. हे पैसे घालण्यात कमीपणा नाही, फक्त ते डोळसपणे घालावेत. अशा सेवा देणाऱ्यांबद्दल अलायन्स ऑफ इंडिपेंडंट ऑथर्स या लेखक-संघटनेची मानांकनं बघता येतात.

आणि हो, “मला तर एका मोठ्या प्रकाशकाचीच मेल आलीय,” असं सांगणारेही भेटतात. खऱ्या संपादकांची, एजंटांची नावं वापरून मेल पाठवणं हा आता मोठा धंदा झालाय. मेलमधल्या लिंकवर जाऊ नका, त्याच मेलला उत्तरही देऊ नका. प्रकाशकाचं संकेतस्थळ स्वतः उघडा, तिथल्या पत्त्यावर लिहा आणि ही मेल तुमचीच का, असं विचारा.