स्पेअर मिळंना

"म्हंजे गाडी चांगलीय, पण स्पेअर मिळंना, असंच न्हवं?" बोर्ड धड आहे, पण कंपनी त्याचं नवं सॉफ्टवेअरच देत नाही, असं मी सांगत होतो, त्यावर उद्यमनगरातले मिस्त्रीकाका लेथवरनं मान वर न करताच बोलले आणि मी बोर्ड हातात धरून तसाच उभा.

जॉब मोजायला त्यांच्याकडं एक स्वस्तातला एआरएम बोर्ड (मोबाइलसारख्या चिपचा छोटा कॉम्प्युटर) लावलेला, कंपनीची इमेज, म्हणजे कार्डावर टाकायची तयार सिस्टिम, अजून लिनक्सच्या ३.४ कर्नलवर (सिस्टिमचा गाभा, २०१२ चं ते!), नवीन वायफाय डोंगल लावलं तर ड्रायव्हरच नाही. शेवटी काल रात्री कार्डावर आर्मबियन (असल्या बोर्डांसाठी लोकांनी मिळून केलेलं फुकट लिनक्स) टाकलं आणि पहिल्या फटक्यात चालू, नाद खुळा!

पीसीला आपलं हार्डवेअर बरंचसं आपोआप सापडतं, या बोर्डांना मात्र कुठल्या पिनला काय जोडलंय ते डिव्हाइस ट्रीच्या फाइलमधे लिहून द्यावं लागतं. कंपनी विकून मोकळी, मग ती फाइल कोणतरी आपली नोकरी सांभाळून रात्री जागून लिहितंय.

काकांना म्हटलं, बरेच जण फुकटच करतात हे. त्यांनी बोळ्याला हात पुसले, "फुकट? मग च्या तरी पाजा की त्यास्नी!"

आता आर्मबियनच्या डोनेटचं पान उघडून बसलोय. बोर्डाला अडीच हजार घातले तेव्हा एवढा विचार केला नव्हता. तुम्ही कोण देता का, आणि किती?