अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या

परभणीत माझं ध्वनियंत्रं दुरुस्तीचं दुकान आहे. १४ एप्रिलपासून पुढे महिनाभर गावोगाव भीमजयंतीचे कार्यक्रम चालतात आणि त्या दिवसांत मला जेवायला उसंत नसते. अशाच एका दुपारी पाथरीकडचा एक पोरगा चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन आला. "जय भीम मामा. हिच्यात भारीतला पिकअप टाकून द्या. रात्री कार्यक्रम हाय. गायक दादा म्हणले, आज घरघर आली तर गिटार बंदच ठेव." खिशात चार हजार होते. गिटार जुनी, साडेसहा हजारांची, तीन सिंगल कॉइलची, म्हणजे एकेरी गुंडाळीचे पिकअप असलेली. (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारं चुंबक आणि त्याभोवतीची गुंडाळी.) सोबत दहा वॅटचा अ‍ॅम्प आणि आवाज मुद्दाम फाडणारं एक डिस्टॉर्शन पेडल.

मी आधी वाजवून पाहिली. लाकडात काही खोट नव्हती, पिकअपही चांगले होते. तारा मात्र गंजून काळ्या पडलेल्या, आणि बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा, चढा. अशी गिटार कितीही महागड्या अ‍ॅम्पला लावा, कॉर्ड बेसूरच लागणार. नऊ-बेचाळीसचा, म्हणजे बारीक तारांचा नवा संच चढवला, बाराव्या पडद्यावर तारांची उंची दोन मिलिमीटरच्या आत आणली, सॅडल (तारेखालचा टेकू) मागे सरकवून सूर जुळवला. जास्त आवाज मिळावा म्हणून कुणीतरी पिकअप तारांना भिडतील इतके वर केले होते. त्यामुळे चुंबक जाड तारेला ओढून धरत होतं आणि सूर डगमगत होता. ते खाली घेतले. या सगळ्याला तास-दीड तास लागला. पिकअप बदलायचं कारणच उरलं नाही.

"लाईन कुठं देतोस?" मी विचारलं.

"पेडलमधून सीधी मिक्सरला."

घरघर वेगळी, पण आवाजातल्या किरकिरीचं मूळ इथं होतं. गिटारच्या स्पीकरचा आवाज ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो, त्यामुळे डिस्टॉर्शनचा कडवटपणा तिथेच गाळला जातो. कार्यक्रमाच्या बॉक्समधला हॉर्न तो सगळाच्या सगळा कानावर आपटतो. मी सांगितलं, छोटा अ‍ॅम्प खुर्चीवर ठेव, त्याच्यासमोर माईक लाव, कोनाच्या मधोमध नको, थोडा कडेला. आणि गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण, अर्ध्यावर आण.

दुकानात घरघर फारशी येईना, मग गावात का येते? हा प्रश्न सुटेना म्हणून संध्याकाळी त्याच्यासोबत गावात गेलो. समाजमंदिरात त्याने प्लग लावला आणि घरघर सुरू. तारांना हात लावला की कमी व्हायची. पोरगा सहज बोलून गेला, "माईकला ओठ लागले की मुंग्या येतात, मामा." माझ्या पोटात गोळा आला. तारा आणि माईक यांच्यामध्ये मीटर धरला तर शंभराच्या आसपास व्होल्ट! अ‍ॅम्पच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला होता. घामेजलेल्या अंगानं, ओल्या जमिनीवर, हातात तारा आणि ओठाशी माईक... पोरं अशानं जातात. प्लगची ती पिन कधीही कापू नका.

तीन पिनांचा नवा प्लग बसवून तो तीन पिनांच्या बोर्डात लावला, तरी फरक पडेना. मग सगळी यंत्रं बोर्डावरून काढली आणि फेज व अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहिला. नुसती लालसर तार दिसली, म्हणजे अर्थिंग नावापुरतंच. मागे जाऊन बघतो तर एप्रिलच्या उन्हानं अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा, मीठ-कोळसा टाकलाय पण ओल नाही.

टँकरच्या गावात पाणी मागायला जीभ उचलत नव्हती. शेजारच्या एका आजींनी विचारलं, "भांडी घासल्यालं चालंल का बाबा?" चालेल म्हटलं. दोन बादल्या हळूहळू मुरवल्या. पुन्हा बल्ब लावला, तो लख्ख पेटला. सगळं जोडलं तेव्हा घरघर गेली आणि तारा-माईकमधला मीटरही शून्यावर आला. थोडी गुणगुण राहिली होती, ती जवळच्या अ‍ॅम्प्लिफायर मशीनच्या ट्रान्सफॉर्मरची. सिंगल कॉइल ती पकडतंच. पोराला चार पावलं लांब, थोडा तिरका उभा केला, तीही दबली.

रात्री त्याचा पहिला सूर बॉक्समधून आला तेव्हा मी मंडपाच्या मागच्या टोकाला उभा होतो. जाडसर, गोड, प्रत्येक तार वेगळी कळणारा. तीच साडेसहा हजारांची गिटार. गायक दादांनी दुसऱ्या गाण्यात त्याला एकट्याला आठ मात्रा दिल्या.

तारांचे आणि प्लगचे पैसे घेऊन बाकीचे त्याला परत केले. आठवड्याने त्याचा फोन आला. आजी रोज सकाळी भांड्यांचं पाणी त्या खड्ड्यातच ओततात म्हणे.